टेट्रासायक्लिन आणि दूध

टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची (जिवाणूंविरुद्धच्या औषधाची) गोळी दुधाबरोबर घेतल्यास पोटाला त्रास होत नाही, असे या चर्चेत एका सदस्यांनी लिहिले आहे. त्रास कमी होतही असेल, पण औषधही फारसे लागू पडत नाही, कारण दुधातील कॅल्शियमशी त्याच्या रेणूची घट्ट जोडी जमते आणि तयार होणारे संयुग आतड्यातून नीट शोषलेच जात नाही. कोल्हापूरच्या गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन थेट माझ्या औषध दुकानात येणाऱ्यांच्या मिशीवरचा फेसही पुसलेला नसतो. त्यांना मी गोळीसाठी दोन तास थांबायला सांगतो. (दुधाऐवजी लोहाची गोळी घेतली असेल तरी तेच.) कॅल्शियमच्या याच ओढीमुळे लहान मुलांच्या दातांवर कायमचे पिवळट-तपकिरी डाग पडतात, म्हणून ८ वर्षांखालील मुलांना हे औषध टाळतात.

पंचगंगेच्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसच्या (दूषित पाण्यातून होणाऱ्या जिवाणूजन्य तापाच्या) धास्तीने ज्या डॉक्सिसायक्लिनची चौकशी होते, ती याच कुळातली. जिवाणूच्या रायबोसोमच्या, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या, ‘३०एस’ नावाच्या भागाला चिकटून प्रथिननिर्मिती रोखण्याची तिची रीतही तीच आहे. मात्र दुधाने तिचे शोषण थोडेच घटते आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांतही मात्रा सहसा कमी करावी लागत नाही. ती पेलाभर पाण्याबरोबर, बसूनच घ्यावी. अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण होतो.