छातीला मार नसतानाही
अपघातातल्या रुग्णाचं फुप्फुस नंतर निकामी झालं की काही जण म्हणतात, ‘पहिला एक्स-रे साफ होता, म्हणजे फुप्फुस दवाखान्यातच बिघडवलं’. हे म्हणणं पटत नाही. माझ्या चुलतभावाला गगनबावडा रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीनं उडवलं. मोडली फक्त मांडी. कोल्हापूरला आणला तेव्हा गडी चहा मागत होता. दुसऱ्या रात्री बोटाच्या चिमट्यावर ऑक्सिजन ८४, धाप, आणि काखेत बारीक लाल ठिपके.

मोठ्या मारानं अंगभर दाह भडकतो, रक्तवाहिन्यांचं आतलं नाजूक अस्तर खराब होतं, फुप्फुसातल्या केशवाहिन्या पाझरू लागतात, फुप्फुसात पाणी भरतं आणि धाप लागते. यालाच एआरडीएस म्हणतात. मांडीच्या हाडातली चरबीही रक्तातून तिथं पोचते, बहुधा २४ ते ७२ तासांत. ते ठिपके तिचेच. १९६७ मध्ये एआरडीएस हा आजार पहिल्यांदा मांडला गेला, त्या १२ रुग्णांपैकी ७ जबर मार लागलेलेच होते. आमचा सहा दिवस व्हेंटिलेटरवर होता.