कांस्य आणि गिटार

'ओओआयओओ' या जपानी बँडबद्दल कुणीतरी 'नुसता गोंगाट' म्हटलंय, ते मला पटत नाही. 'बोअरडम्स' या जपानी नॉइज-रॉक बँडची ड्रमर योशिमी हिनं १९९०च्या दशकात उभा केलेला हा बायकांचा बँड. त्यांचा 'गामेल' अल्बम हेडफोन लावून ऐका. त्यात गामेलानची, म्हणजे इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या पारंपरिक वाद्यवृंदाची, कांस्यवाद्यं आहेत. गामेलानचा प्रत्येक संच आपल्यापुरताच सुरात लावलेला असतो, स्लेंड्रो या त्यांच्या स्वरसप्तकासारख्या स्वररचनेचे पाच स्वर पियानोच्या पट्ट्यांवर नेमके बसतच नाहीत. त्यामुळे शेजारी गिटार वाजली की दोन स्वर एकमेकांना घासून थरथरतात. गोंगाट वाटतो तो हाच, आणि मला तर तोच जीव की प्राण आहे!

योशिमीचा 'साइकोबाब' हा दुसरा बँडही जरूर ऐका, त्यात योशिदा दाइकिचीची सतार आहे.