घरातलं सामान आणि अंगावरची कामं, दोन्ही कमी करायचीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सदाशिव पेठेतला वाडा रीडेव्हलपमेंटला गेला आणि आम्ही कोथरूडला भाड्याच्या वन बीएचकेत आलो, पण सामान अख्ख्या वाड्याचं! पितळी घंगाळं, दोन-दोन पुरणयंत्रं, दिवाळी अंकांचे गठ्ठे, शिवाय कॅरीबॅगांनी भरलेली कॅरीबॅग (ती काय घरोघरी असतेच). पितळ मोडीत दिलं की नुसत्या वजनाचा भाव मिळतो म्हणून सासूबाईंचा जीव होत नाही, माझाही नाही खरंतर. तांबट आळीत अख्खी जुनी भांडी कुणी घेतं का? अंक रविवारी जुन्या बाजारात न्यावेत का? त्यात नोकरी, आईंची फिजिओथेरपी, भिशी, भजनी मंडळाचा हिशोब सगळं माझ्याकडेच. निदान हिशोब तरी सोडायचाय, पण मंडळातल्या काकूंना न दुखावता नाही कसं म्हणू?