मदत हवी आहे: डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) वारंवार चोक, इंजिन ऑइलची पातळी वाढतेय

२०२१ ची बीएस-६ डिझेल एसयूव्ही, ६८,००० किमी, वॉरंटी संपलेली. डीपीएफचा दिवा दर ३००-४०० किमीला लागतो. हायवेवर २,५०० आरपीएमला अर्धा तास चालवली की आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच. सर्व्हिस सेंटरने दोनदा फोर्स्ड रिजनरेशन (स्कॅनरने हुकूम देऊन फिल्टरमधली काजळी जाळणं) केलं, पैसे घेतले, कारण कोणीच शोधलं नाही. डिपस्टिकवर ऑइल ‘मॅक्स’च्या बोटभर वर, त्याला डिझेलचा वास, म्हणजे बहुधा रिजनरेशन अर्धवट सुटून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. ऑइल बदलून घेतोच आहे, लो-अ‍ॅशच (कमी राख सोडणारं). आता म्हणतात, थेट नवा डीपीएफ बसवा. तपासणीशिवाय एवढा खर्च पटत नाही. डीपीएफ काढून टाकायचा नाहीच.

स्कॅनरवर डिफरन्शियल प्रेशर (फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक), काजळीचे ग्रॅम आणि इंजेक्टर करेक्शन (प्रत्येक इंजेक्टरच्या डिझेलच्या मात्रेत इंजिनचा कॉम्प्युटर करतो ती दुरुस्ती) किती दिसलं, तर दोष सेन्सरचा, इंजेक्टरचा की खरंच फिल्टरचा हे ठरवता येईल?