‘अर्खम असायलम’मधली जोकरची लाल अक्षरं वाचायची कशी?

चष्मिस_कोथरूड:
मंडळी, दादाच्या कपाटातून ‘अर्खम असायलम’ ढापलंय. वेड्यांच्या इस्पितळात घडणारं बॅटमॅनचं कॉमिक, लिहिलंय ग्रँट मॉरिसनने, चित्रं डेव्ह मॅककीनची. निम्मं झालं, पण बॅटमॅनचा चेहरा काही धड दिसत नाही. नुसती सावली आणि दोन कान. त्याहून छळ म्हणजे जोकरचं बोलणं. त्याला संवादाचा फुगाच नाही, लाल ओरखडे थेट चित्रावर! रात्री मोबाइलची बॅटरी मारून एकेक वाक्य तीनतीनदा वाचतोय. छपाई वाईट आहे की माझा नंबर वाढला? सोडून देऊ का?

पाटीवाला_सांगली:
नंबरबिंबर काही वाढलेला नाही. मी पंचवीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, तेव्हा अक्षरांपुरतं बोलतो. ही करामत यातली अक्षरं काढणाऱ्या गॅस्पर सॅलाडिनोची. आमच्याकडे गिऱ्हाईक आधी बजावायचं, रस्त्यापलीकडून वाचता आलं पाहिजे. हा गडी बरोब्बर उलटा गेलाय. बॅटमॅनचा फुगा काळा, आत पांढरी अक्षरं. दात आवळून बोलल्यासारखी. जोकरला फुगा दिला असता तर त्याला कुंपण घातल्यासारखं झालं असतं. ब्रश सुकत आला असताना फटकारा मारला की आमचीही अक्षरं अशी फाटायची आणि उस्ताद शिव्या घालायचे. इथे तेच हवं होतं. तू अडखळतोस ना, तेवढ्या वेळात हा आता काय करेल याची धास्ती बसते. दिवसा खिडकीपाशी बसून वाच.

रविवारचा_वाचक:
२००४ ची आवृत्ती मिळाली तर बघ. मागे मॉरिसनची अख्खी पटकथा आहे, साध्या टाइपात. अडलं की तिथे डोकावायचं.

पाटीवाला_सांगली:
आधी पुस्तक, मग पटकथा. कोडं सुटायच्या आत उत्तर कशाला बघायचं?

वॉर्ड_नं_४:
मी मनोरुग्णांसोबत काम करते, त्यामुळे या पुस्तकावर माझा राग आहे. वेडा म्हटला की खुनी, हे समीकरण इथेही आहेच. हे इस्पितळ काढणारा डॉक्टर अमेडियस अर्खम, त्याच्या बायको-मुलीला ज्या पेशंटने मारलं त्यालाच तो शॉक देऊन संपवतो. चित्रं कितीही देखणी असोत, मला ते भडक वाटतं. पण टू-फेसचा, म्हणजे नाणं उडवून निर्णय घेणाऱ्या खलनायकाचा, प्रसंग मात्र डोक्यातून जात नाही. उपचार म्हणून त्याचं नाणं काढून घेतात, आधी फासा देतात, मग भविष्य बघायचे टॅरोचे पत्ते. दोन पर्यायांचे सहा, सहाचे अठ्ठ्याहत्तर. कागदावर प्रगती झकास! आणि इकडे बिचाऱ्याला संडासला जायचं की नाही तेही ठरवता येत नाही. असे कागद मी पाहिलेत.

चष्मिस_कोथरूड:
काका, आज दुपारी खिडकीत बसलो. लाल अक्षरं वाचता आली, हळूहळू. मग बॅटमॅन काचेचा तुकडा स्वतःच्याच तळव्यात खुपसतो ते पान आलं. तिथेच मिटलंय. आई विचारत होती, मूठ का आवळून बसलायस?