खान्देशात सिव्हिल शिकताना : तुमचे अनुभव लिहा

सीईटीचा निकाल लागला की दरवर्षी नात्यातलं कुणीतरी फोन करतं. "पोरीला सिव्हिल मिळतंय, इथलंच छोटं कॉलेज आहे. घेऊ का पुण्यासाठी थांबू?" एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हा धागा. जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, जिथे शिकलात तिथलं लिहा. कॉलेजचं नाव नको, गाव आणि साल पुरे. सुरुवात मी करते.

जळगाव, २००९ची बॅच

आमचं कॉलेज शहराच्या मधोमध होतं. मैदान असं नव्हतंच. सर्व्हेचं प्रॅक्टिकल सकाळी साडेसहाला रस्त्यावर, दूधवाले आणि रिक्षावाले यांच्यामधून. सर म्हणायचे, नऊच्या आत रीडिंग संपवा. का, ते एप्रिलमध्ये कळलं. अकरा वाजता दुर्बिणीतून पाहिलं तर स्टाफवरचे, म्हणजे समोर उभ्या धरलेल्या मोजपट्टीवरचे, आकडे पाण्यात पडल्यासारखे हलत होते. तापलेल्या डांबरावरची हवा ती. पुस्तकात याबद्दल दोन ओळी होत्या, आम्ही ते डोळ्यांनी पाहिलं.

पण मला सिव्हिलची गोडी लागली ती काळ्या मातीमुळे. एरंडोलकडे मामांचं कपाशीचं शेत आहे. तिथली मूठभर माती सरांनी आणायला सांगितली. वाळवली, चाळली, १०-१० ग्रॅम दोन काचेच्या नळ्यांत टाकली. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती न फुगता १० मिलीवरच बसलेली, पाण्यातली फुगून १८वर. मामांच्या घराच्या भिंतीला एक तिरका तडा होता. वैशाखात त्यात बोट जायचं, श्रावणात तो मिटायचा. आजी म्हणायची, घराला नजर लागली. त्या दिवशी मी घरी जाऊन आजीला सगळं सांगितलं. तिला रॉकेलचं पटलं नाही, पण माती फुगते हे लगेच पटलं. म्हणाली, "हाई माटी पानी पिसन फुगस, ऊनमा फाटस, हे तर आम्हाले माहीतच शे."

आता मी पायाच्या डिझाइनचंच काम करते. काळ्या मातीसाठी खाली फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब, रुडकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेने विकसित केले, हे वर्गात शिकले. पण आजीच्या वाक्याइतकं माझ्या डोक्यात दुसरं काही बसलेलं नाही.

धुळे, २०१३ची बॅच, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला

माझे अप्पा गवंडी. मी अकरा वर्षांचा असल्यापासून सुट्टीत त्यांच्या हाताखाली होतो. ओळंबा, सूत, गुण्या, पाण्याची नळी धरून लेव्हल काढणं, सगळं येत होतं. वर्गात मात्र मी गप्प असायचो, कारण सगळं इंग्रजीत. मोमेंट म्हणजे काय हे पहिले तीन आठवडे कळलं नाही. मग एका मॅडमनी फळ्यावर पहार काढली. धोंड्याखाली सरकवलेली. म्हणाल्या, हात टोकाला धरला की धोंडा हलतो, जवळ धरला की नाही, बस्स, हाच मोमेंट. मी आयुष्यात हजार वेळा पहार मारली होती. त्या दिवसापासून मी पहिल्या बाकावर बसायला लागलो.

अप्पांशी एकदा वाद झाला. स्लॅब टाकताना मजूर माल पातळ करत होते, म्हणजे घमेलं लवकर रिकामं होतं. मी म्हटलं, जास्तीच्या पाण्याने काँक्रीटची ताकद जाते. अप्पा चिडले, चार माणसांसमोर बोललास म्हणून. पण पुढच्या स्लॅबला त्यांनी स्वतः पाण्याचा डबा मोजून दिला. आणि मी त्यांच्याकडून शिकलो ते हे, की आपल्याकडच्या उन्हात स्लॅब दुपारनंतर उशिराच टाकायचा आणि दुसऱ्या सकाळी मातीची आळी करून पाणी भरायचं. काँक्रीटच्या भारतीय मानक कोडमध्ये कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस पाणी मारा असं आहे. अप्पा १५ दिवस मारतात.

भुसावळ, २०१६ची बॅच

मी वाईट तेही लिहिणार. आमच्या लॅबमधलं क्यूब, म्हणजे ताकद तपासायचा काँक्रीटचा ठोकळा, दाबायचं मशीन वर्षभर बंद होतं. जर्नलमध्ये वरच्या बॅचचे आकडे उतरवले. १५० मिलिमीटरचा क्यूब, तीन थर, प्रत्येक थराला ३५ ठोके, हे मला तोंडपाठ होतं. पण क्यूब फुटताना कसा आवाज येतो, बाजू कशा निखळतात, हे मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात पाहिलं. पहिल्याच महिन्यात ७ दिवसांचा एक क्यूब एका बाजूने फुटला. तो चुकीचा आहे हे मला नाही, लॅबमधल्या मदतनिसाला कळलं. साचा नीट बसवलेला नव्हता, एक बाजू वाकडी राहिली होती. फी भरताना मशीन चालू आहे का, हे प्रत्येक पालकाने विचारावं. मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे सांगते.

साक्री, २०११ची बॅच

छोट्या कॉलेजचा एक फायदा माझ्या वाट्याला आला. वर्गात आम्ही १९ जण होतो, म्हणून सर सगळ्यांना एकाच टेम्पोत घालून पांझरा नदीवर घेऊन गेले. फड पद्धत दाखवायला. बंधारा, त्यातून पाट, पाटातून फड, म्हणजे शेतांचे गट. कुठे पंप नाही, नुसत्या उतारावर पाणी जातं. पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. मी त्याच तालुक्यातला, आमचं शेत त्याच पाटावर, तरी उताराचा विचार कधी केला नव्हता. लेव्हल लावली तेव्हा कळलं, जुन्या लोकांनी केवढ्याशा उतारावर केवढं क्षेत्र भिजवलंय.

मग सरांनी दातर्तीचं सांगितलं. विश्वेश्वरय्या १८८४ला मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, आणि अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे आमच्या दातर्तीचा सायफन, पाटाचं पाणी नळातून पलीकडे नेणारा. १५ सप्टेंबरला, अभियंता दिनाला, दरवर्षी त्यांच्या फोटोला हार घालायचो. त्यांनी आमच्या गावाजवळ काम केलंय हे तोवर एकानेही सांगितलं नव्हतं. आज मी पाटबंधारे खात्यात आहे. कामावर गेलो की आधी पाटकऱ्याशी बोलतो, मग नकाशा उघडतो.

नंदुरबार, सध्या तिसरं वर्ष

जळगावच्या ताई, तुमचं मातीचं वाचून मीही तसं केलं. आमच्या घराचं बांधकाम दिवाळीनंतर काढायचंय, त्या प्लॉटची माती परवा कॉलेजात नेली. लॅबच्या दादांनी नळ्या धुऊन दिल्या. रॉकेल मिळेना, ते बाबांनी कुठून तरी पावशेर आणलं. काल दुपारी चारला माती टाकली. आज सकाळी रॉकेलमध्ये १०, पाण्यात १६. चोवीस तास अजून व्हायचेत. बाबा मिस्त्रीला फोन करून थांबायला सांगतायत, आणि मला विचारतायत, पाया किती खोल घ्यायचा. सरांना विचारून उद्या लिहितो.