मदत हवी आहे: आईच्या श्रवणयंत्राला चालेल असा मोबाईल

नमस्कार मंडळी, आईला दोन्ही कानांना ब्लूटूथवाली श्रवणयंत्रं घेतलीयेत, आता कॉलचा आवाज थेट यंत्रात येईल असा मोबाईल हवाय, बजेट वीस हजारापर्यंत. एमजी रोडला एका दुकानात विचारलं तर म्हणे ब्लूटूथ सगळ्याच फोनला असतं, कुठलाही घ्या. पण तसं नसतं ना! अँड्रॉइडला त्यासाठी 'आशा' नावाची सिस्टीम लागते, ती अँड्रॉइड १० पासून आली पण कंपनीने त्या मॉडेलमध्ये दिली असेल तरच चालते, काही नवीन यंत्रांना एलई ऑडिओ ही ब्लूटूथची नवी पद्धत लागते, आयफोनचं आणखी वेगळंच. आईची यंत्रं आशावाली आहेत. माझ्या फोनला जोडून बघितली तर अ‍ॅपमधून आवाज कमीजास्त होतो, कॉल मात्र फोनमधूनच ऐकू येतो, मग काय उपयोग. आणि आशामध्ये माईक फोनचाच चालतो म्हणजे बोलताना फोन तोंडाजवळ धरावा लागणार, म्हणून फार जड नको.

तुमच्याकडे घरी कोणी असा फोन रोज वापरत असेल तर प्लीज नेमकं मॉडेल सांगा, मध्येच कनेक्शन तुटतं का तेही सांगा. आणि नाशिकमध्ये घेण्याआधी यंत्र जोडून एक कॉल करून बघू देणारं दुकान कुठलं? कॉलेज रोड, सिडको, नाशिकरोड कुठेही चालेल, आईला सोबतच घेऊन जाईन. मावशीशी तिला निवांत बोलता यावं एवढंच हवंय.